संगणकाच्या सीमेवरची मूळ संख्या : २,१४,७४,८३,६४७

काही महिन्यांपूर्वी एका शालेय निबंध स्पर्धेचा निकाल प्रसिद्धीसाठी आमच्या डेस्कवर आला. सोबत सहभागी विद्यार्थ्यांची यादी होती. नाव, इयत्ता, शाळा आणि पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक असे चार रकाने. प्रथम क्रमांकाच्या मुलीच्या आडनावाविषयी शंका आली म्हणून तिच्या पालकांना फोन लावला, तर असा क्रमांकच अस्तित्वात नसल्याचे उत्तर मिळाले. दुसऱ्या विजेत्याचा क्रमांक पाहिला, तर तोही तोच. मग संपूर्ण यादी खालपर्यंत सरकवून पाहिली. यादीत ८६ मुले होती आणि त्या सर्वांच्या पालकांचा क्रमांक एकच होता : २१४७४८३६४७.

आयोजकांना वाटले, यादी टंकित करणाऱ्याने आळस केला असावा. तसे नव्हते. नोंदणी पालकांनीच संगणकावर केली होती आणि प्रत्येकाने आपापला क्रमांक बिनचूक भरला होता. तरीही संगणकाने ते सर्व पुसून त्यांच्या जागी ही एकच संख्या लिहिली होती. तिने नेमकी हीच संख्या का निवडली, याचे उत्तर शोधताना गणिताच्या इतिहासातील एक जुनी आणि मानाची संख्या समोर येते. आपल्या पद्धतीने वाचायचे तर ती २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ अशी आहे.

एकतीस वेळा एक

दशमान पद्धतीत ही संख्या ओबडधोबड दिसते. तिच्या अंकांत ना काही क्रम, ना काही सौंदर्य. परंतु संगणक ज्या द्विमान पद्धतीने मोजतो, त्या पद्धतीत शून्य आणि एक हे दोनच अंक असतात. त्या पद्धतीत ही संख्या लिहिली, की सलग एकतीस वेळा एक उमटतो. मध्ये एकही शून्य नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवायचे. पहिल्या दोन घरांतील दाण्यांची बेरीज ३, तीन घरांची ७, चार घरांची १५. प्रत्येक वेळी बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा बरोबर एकाने कमी भरते. एकतीस घरे भरली, म्हणजे पट अर्धाही झाला नाही, तोच दाण्यांची एकूण संख्या २,१४,७४,८३,६४७ होते.

हीच बेरीज आपल्या वंशावळीतही दडलेली आहे. आपण स्वतः एक, आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असे मागे जात तिसाव्या पिढीपर्यंतचे सर्व पूर्वज आणि आपण स्वतः मिळून बरोबर हीच संख्या येते. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे. तेव्हा गोव्यात कदंबांच्या राजवटीचा उत्तरकाळ चालू होता आणि साऱ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटींच्याही आत होती. मग दोन अब्ज पूर्वज आले कोठून? उत्तर असे, की वंशावळीच्या निरनिराळ्या फांद्यांवर तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात. ज्या दोन घराण्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही असे आपण समजतो, तीही पुरेसे मागे गेल्यावर कोठेतरी एकत्र येतात.

मर्सेनची यादी

१ व स्वतः ती संख्या यांखेरीज ज्या संख्येला दुसरा विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या होत. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यास कधी कधी मूळ संख्या मिळते. ३, ७, ३१ आणि १२७ या अशा मिळालेल्या संख्या. यासाठी घातांक स्वतः मूळ असावा लागतो. मात्र तेवढे पुरत नाही. ११ ही मूळ संख्या आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मग कोणते घातांक चालतात? मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एका ग्रंथात २५७ पर्यंतच्या अशा घातांकांची यादी दिली. तीत ३१ होता. या प्रकारच्या मूळ संख्यांना आज मर्सेन मूळ संख्या म्हणतात ते याच यादीमुळे. परंतु यादी निर्दोष नव्हती. तीतील ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ हे खरे घातांक तीतून सुटले होते. मर्सेनने दिलेली नावे म्हणजे अंदाज होता, सिद्धता नव्हती. ३१ विषयीची सिद्धता मिळण्यास आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

ऑयलरने काय केले?

ती सिद्धता १७७२ मध्ये लेओनार्ड ऑयलर याने दिली. त्या वेळी तो सेंट पीटर्सबर्ग येथे होता, वयाची पासष्टी ओलांडण्याच्या बेतात होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती. बेर्नूली यांना लिहिलेल्या एका पत्रात त्याने ही संख्या मूळ असल्याचे कळविले.

एखादी संख्या मूळ आहे का, हे पाहण्याचा सरळ मार्ग आपण शाळेत शिकलेलो असतो. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहायचे. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे आणि तेथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम. ऑयलरने आधी हा ढीग चाळणीतून काढला.

पहिली चाळणी अशी. समजा, एखाद्या मूळ संख्येने २ चा ३१ वा घात वजा १ या संख्येला नि:शेष भाग जातो. तर २ च्या चढत्या घातांना त्या मूळ संख्येने भागत गेल्यास ज्या बाक्या मिळतात, त्या दर एकतीस पायऱ्यांनी पुन्हा त्याच क्रमाने येऊ लागतात. ३१ ही मूळ संख्या असल्यामुळे यापेक्षा लहान फेरा संभवत नाही. दुसरीकडे फर्माच्या प्रमेयानुसार, त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यास जेवढे उरते, तेवढ्या पायऱ्यांनीही बाक्यांचा फेरा पूर्ण झालाच पाहिजे. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या, तर त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ३१ ने भाग गेला पाहिजे. वर दिलेल्या २०४७ च्या उदाहरणात हे पडताळून पाहता येईल. तेथे घातांक ११ होता. २३ मधून १ वजा केल्यास २२ आणि ८९ मधून १ वजा केल्यास ८८ उरतात. दोहोंना ११ ने भाग जातो.

दुसरी चाळणी वर्गांच्या नियमांतून येते. तिच्यानुसार अशा विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. या दोन्ही चाळण्या एकत्र केल्या, की ज्यांना २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी उरते, तेवढ्याच संख्या शिल्लक राहतात. ४६,३४० पर्यंत अशा संख्या केवळ ३७३ आहेत आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नसल्यामुळे आपोआप गळतात. तपासायची पहिली संख्या ३११ आणि तिच्यानंतरची एकदम १,३०३. ऑयलरने उरलेल्या साऱ्या तपासल्या. एकीनेही भाग गेला नाही. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या ठरली आणि त्या वेळी माणसाला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

परिपूर्ण संख्या आणि बार्लोचे भाकीत

स्वतःला सोडून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिची स्वतःइतकीच होते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे असे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले, की मर्सेन प्रकारची मूळ संख्या हाती आली, की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळतात, हे पुढे ऑयलरने सिद्ध केले. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले, की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. क्रमाने ती आठवी.

पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही. कारण अशा संख्या कुतूहलाच्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे लागणार कोण? हे भाकीत दोन्ही बाजूंनी फसले. १८७६ मध्ये एद्वार ल्युका याने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. आज जगभरातील हौशी मंडळी आपापल्या संगणकांवर मर्सेन मूळ संख्यांचा शोध घेत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या अशा संख्येत चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत.

उपयोगाचे म्हणाल, तर तोही झाला. संगणकाला 'यदृच्छ' संख्या लागतात. खेळांत फासे टाकण्यासाठी, पाहणीत नमुना निवडण्यासाठी, हवामानाची प्रतिरूपे चालविण्यासाठी. त्यांची एक प्रसिद्ध रीत अशी, की हाती असलेल्या संख्येला १६,८०७ ने गुणायचे, गुणाकाराला २,१४,७४,८३,६४७ ने भागायचे आणि उरलेली बाकी ही पुढची संख्या धरायची. १ पासून आरंभ केल्यास १६,८०७ मिळते, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक विचारपूर्वक निवडल्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याखेरीज हा फेरा पूर्ण होत नाही.

येथे वर्गीकरणाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाशिकजवळच्या देवळालीत आयुष्यभर शाळामास्तरकी करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'हर्षद' संख्यांची कल्पना मांडली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६ होते. संख्या मूळ असल्यामुळे ४६ ने भाग जाणे शक्यच नाही, म्हणून ती हर्षद नाही. पण हर्षद असणे हे आपण संख्या कोणत्या पद्धतीने लिहितो यावर अवलंबून असते. द्विमान पद्धतीत तिच्या अंकांची बेरीज ३१ येते आणि तिला ३१ ने भागल्यास बाकी १ उरते. उलट मूळ असणे हा संख्येचा अंगभूत गुण आहे. ती देवनागरी अंकांत लिहा, रोमन अंकांत लिहा किंवा दाण्यांचा ढीग घालून दाखवा. तो ढीग सारख्या रांगांच्या आयतात मांडता येणार नाही.

संगणकाची सीमा

आता त्या यादीकडे वळू. अनेक संगणकीय प्रणालींत पूर्ण संख्या साठविण्यासाठी बत्तीस बिटांची, म्हणजे बत्तीस घरांची, जागा ठरलेली असते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. यांपैकी एक घर संख्या धन की ऋण हे सांगण्यासाठी खर्ची पडते. उरतात एकतीस. त्या एकतीसही घरांत एक भरले, की त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या तयार होते. ती म्हणजे ऑयलरची हीच मूळ संख्या.

भारतातील भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतात. म्हणजे त्यांतील प्रत्येक क्रमांक या सीमेच्या पलीकडचा. नोंदणीची व्यवस्था तयार करणाऱ्याने दूरध्वनी क्रमांकाचा रकाना अक्षरांचा न ठेवता संख्येचा ठेवला होता. पालकाने क्रमांक भरला, तो त्या जागेत मावेना. संगणकाने कसलीही तक्रार न करता मावेल ती सर्वांत मोठी संख्या तेथे ठेवून दिली. मूळ क्रमांक कोठेच उरला नाही. ८६ वेळा असेच झाले.

काही प्रणाली याहून वेगळे वागतात. स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर जशी पुन्हा शून्ये येतात, तसे येथे घडते. फरक इतकाच, की चिन्हाचे घर पालटल्यामुळे संख्या शून्यावर न येता थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जाऊन आदळते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही सीमा गाठली, तेव्हा यूट्यूबचा गणक चौसष्ट बिटांचा झाल्याचे जाहीर करण्यात आले. हा गमतीचा प्रसंग झाला. २०१५ मधला प्रसंग तसा नव्हता. बोईंग ७८७ विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास त्याच्या जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने दिला आणि ठरावीक काळाने पुरवठा बंद करून पुन्हा चालू करण्याचा आदेश काढला. नियंत्रकातील एक गणक २४८ दिवसांनी ओसंडत होता. सेकंदाचे शंभर भाग करून मोजू लागल्यास २,१४,७४,८३,६४७ हा आकडा बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतो.

१९ जानेवारी २०३८

आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रश्न मात्र तारखांचा आहे. असंख्य संगणक काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांत. हे सेकंद बत्तीस बिटांच्या जागेत साठविले असतील, तर ती जागा ६८ वर्षे आणि सुमारे १८ दिवसांनी भरते. हा काळ किती, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब : १९ डिसेंबर १९६१ या गोवा मुक्तिदिनापासून सेकंद मोजायला घेतले, तर ही संख्या ६ जानेवारी २०३० रोजी पूर्ण होते. संगणकाचे घड्याळ त्यानंतर आठ वर्षांनी ती गाठते. भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. त्यापुढच्या सेकंदाला अशी प्रणाली १९०१ सालचा डिसेंबर महिना दाखवू लागेल.

आज विकले जाणारे बहुतेक संगणक आणि भ्रमणध्वनी काळ चौसष्ट बिटांत मोजतात. ती जागा भरायला सुमारे २९ हजार २०० कोटी वर्षे लागतील, तेव्हा त्यांची चिंता नको. चिंता आहे ती जुन्या उपकरणांची, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या आज्ञावलींची आणि जुन्या धाटणीच्या माहितीसाठ्यांची. शिवाय हा दिवस उजाडेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ज्या हिशेबात भविष्यातील तारीख येते, तेथे चूक आधीच प्रकट होते. २००६ च्या मे महिन्यात एका सर्व्हर प्रणालीवरील संकेतस्थळे अचानक कोलमडली. तीत मुदतीसाठी एक अब्ज सेकंद हा आकडा ठेवलेला होता आणि त्या महिन्यात 'आज अधिक एक अब्ज सेकंद' ही बेरीज २०३८ ची सीमा ओलांडून गेली होती. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता, विम्याची मुदतपूर्ती, भाडेपट्ट्याची अखेर, कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख या नोंदी आजच त्या सीमेपलीकडच्या आहेत.

म्हणून पंचायत असो, सहकारी पतसंस्था असो, शाळा असो की ग्रंथालय; ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी करून घेतलेली संगणकीय व्यवस्था अद्याप चालू आहे, त्यांनी एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. नमुन्यादाखल २०४० सालची तारीख भरावी, ती जतन करावी आणि पुन्हा उघडून पाहावी. तीच दिसली तर उत्तम. १९०४, १९७० किंवा कोरा रकाना दिसला, तर व्यवस्था करून देणाऱ्याला आजच बोलवावे. दूरध्वनी क्रमांकाचा रकाना अक्षरांचा आहे की संख्येचा, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. ज्या क्रमांकांची कधी बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते संख्या म्हणून साठविण्याचे काही प्रयोजन नाही.

आमच्याकडे आलेल्या त्या यादीचे काम सुदैवाने मार्गी लागले. स्पर्धेची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षिकेने निबंधांच्या पहिल्या पानावर मुलांकडून पालकांचा क्रमांक शाईने लिहून घेतला होता आणि तो गठ्ठा रद्दीत न टाकता कपाटात ठेवला होता. दोन दुपारी बसून त्यांनी ८६ क्रमांक पुन्हा उतरवून काढले. प्रथम आलेल्या मुलीच्या वडिलांशी बोलणे झाले, आडनावातील वेलांटी दुरुस्त झाली आणि निकाल छापला गेला.